कोल्हापूर जिल्ह्यातील मोठ्या गावांची लोकसंख्या आणि समाजरचना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर जिल्ह्यातील पाच-दहा हजार किंवा त्याहून अधिक वस्तीच्या गावांविषयी विद्यार्थी, ग्रामपंचायत सदस्य आणि नोकरीनिमित्त बाहेर राहणारे गावकरी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. जिल्ह्याचे आकडे २०११ च्या जनगणनेचे आहेत. आकड्यांइतकाच भर ते आकडे कसे तयार होतात यावर दिला आहे, कारण कोणाला, कोठे आणि कोणत्या दिवशी मोजले हे ठाऊक नसेल, तर गावाच्या लोकसंख्येचा आकडा हाती असूनही गाव कळत नाही.

जिल्ह्याचे एकूण चित्र काय आहे?

२०११ मध्ये कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८,७६,००१ होती आणि त्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक लोक ग्रामीण भागात राहत होते. जिल्ह्याचे क्षेत्रफळ ७,६८५ चौरस किलोमीटर असून घनता दर चौरस किलोमीटरला ५०४ होती. ही सरासरी मात्र फसवी आहे. शिरोळ, हातकणंगले, करवीर आणि कागल या पूर्वेकडील तालुक्यांत नदीकाठची काळी जमीन, ऊस आणि कारखानदारी यांमुळे गावे मोठी व दाट झाली, तर गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, आजरा आणि चंदगड या सह्याद्रीलगतच्या तालुक्यांत गावे लहान, वाड्यांत विखुरलेली आणि डोंगरउतारावर वसलेली आहेत. पन्हाळा आणि गडहिंग्लज या तालुक्यांत दोन्ही प्रकार आढळतात. पुढील उत्तरे मुख्यतः पूर्वेकडील मोठ्या गावांना लागू पडतात. पश्चिमेचे चित्र वेगळे असेल तेथे तसे सांगितले आहे.

एवढे मोठे गाव असूनही त्याला शहर का म्हणत नाहीत?

शासनाने जेथे नगरपरिषद, नगरपंचायत किंवा महापालिका स्थापन केली आहे ते कायद्याने शहर ठरते. त्याशिवाय जनगणनेची स्वतःची एक कसोटी आहे: किमान ५,००० लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० घनता आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के पुरुष बिगरशेती व्यवसायात असणे. या तिन्ही अटी पूर्ण करणाऱ्या गावाला जनगणना शहर मानते, मग तेथे ग्रामपंचायत असली तरीही. करवीर तालुक्यातील गांधीनगर हे याचे ठळक उदाहरण होय.

कोल्हापुरातील बहुतेक मोठी गावे पहिल्या दोन अटी सहज ओलांडतात आणि तिसरीपाशी थांबतात, कारण येथे शेती सुटत नाही. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारा माणूससुद्धा घरचा अर्धा एकर ऊस स्वतः पाहतो, आणि त्याची नोंद कामगार म्हणून करायची की शेतकरी म्हणून, हे प्रगणकाला, म्हणजे घरोघरी फिरून जनगणनेची नोंद घेणाऱ्याला, तो काय सांगतो यावर ठरते. चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या हुपरीत पूर्वी ग्रामपंचायत होती, आता नगरपरिषद आहे. अशा गावांचे जुने-नवे आकडे शेजारी ठेवताना हा बदल लक्षात घ्यावा लागतो, नाहीतर तालुक्याची ग्रामीण लोकसंख्या एकाएकी घटल्याचा भास होतो.

गावाची अधिकृत लोकसंख्या कोठे मिळेल?

जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत प्रत्येक महसुली गावाची कुटुंबसंख्या, स्त्री-पुरुष संख्या, शून्य ते सहा वयोगटातील मुले, अनुसूचित जाती-जमाती, साक्षर आणि काम करणारे यांचे आकडे दिलेले असतात. ही माहिती जनगणना विभागाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते.

ग्रामपंचायतीचा, मतदार यादीचा आणि रेशन दुकानाचा आकडा एकमेकांशी का जुळत नाही?

कारण प्रत्येक नोंदवही वेगळ्या गोष्टीची आहे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घरपट्टीसाठी असून त्यात मिळकती मोजल्या जातात, माणसे नव्हेत. पुण्यात स्थायिक झालेल्या भावाचे कुलूपबंद घर त्यात असते, आणि घरमालकाच्या मागील दोन खोल्यांत भाड्याने राहणारे कुटुंब बहुधा नसते. मतदार यादीत १८ वर्षांवरील नावे असतात, आणि लग्न होऊन गेलेल्या मुलींची व मृतांची नावे वेळेवर कमी होतातच असे नाही. शिधापत्रिकेवर वाटणी न झालेले मोठे कुटुंब एकत्र दिसते. शिवाय महसुली गाव आणि ग्रामपंचायत यांच्या सीमा नेहमीच एक नसतात. पश्चिमेकडील तालुक्यांत अनेक लहान गावे मिळून एक गट ग्रामपंचायत असते.

जनगणनेत ‘कुटुंब’ म्हणजे नेमके काय?

एकत्र राहणारी आणि एका चुलीवरचे जेवणारी माणसे म्हणजे एक कुटुंब. नाते किंवा मालकी हा निकष नाही. आपल्याकडे याचा मोठा परिणाम होतो. सोप्याचे जुने घर बाहेरून एक दिसते, दारात एकच तुळस असते, सात-बारा उताऱ्यावर आजोबांच्या वारसांची सामाईक नावे असतात. पण आत माजघराच्या मधोमध भिंत घातलेली असते, दोन गॅस जोडण्या असतात आणि आई महिना-महिना आलटून दोघा मुलांकडे जेवते. जनगणनेच्या दृष्टीने ती दोन कुटुंबे आहेत. गावातील कुटुंबसंख्या लोकसंख्येपेक्षा वेगाने वाढलेली दिसते तेव्हा बाहेरून लोक आले असे लगेच समजू नये. पुष्कळदा ती केवळ चुली वेगळ्या झाल्याची नोंद असते.

गावातील जातनिहाय लोकसंख्या कोठे मिळते?

अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती सोडल्यास गावनिहाय अधिकृत आकडा सध्या उपलब्ध नाही. सर्व जातींची मोजणी करून ती प्रसिद्ध करणारी शेवटची जनगणना १९३१ ची होती. स्वातंत्र्यानंतरच्या जनगणनांत अनुसूचित जाती-जमातींचीच स्वतंत्र नोंद झाली. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय पाहणीतील जातींचे तपशील प्रसिद्ध झाले नाहीत. तेव्हा ‘आमच्या गावात अमुक समाज साठ टक्के आहे’ असे विधान निवडणुकीच्या काळात कितीही ठामपणे केले जात असले, तरी ते मतदार यादीवरील आडनावे मोजून काढलेले असते. अशा आकड्यांवर अभ्यास उभा करू नये, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावेसे वाटते.

आडनावावरून समाज ओळखता येतो का?

खात्रीने नाही. पाटील हे आडनाव या जिल्ह्यात मराठा, जैन आणि लिंगायत या तिन्ही समाजांत आहे, कारण ते मुळात गावच्या पाटीलकीवरून आले. चौगुले आणि मगदूम या आडनावांचीही तीच गोष्ट. गावावरून पडलेली ‘कर’ अंती आडनावे तर सर्वच समाजांत सापडतात. मुजावर, शिकलगार, अत्तार, मुलाणी अशी आडनावे पूर्वीच्या व्यवसायाची किंवा दर्ग्याच्या सेवेची खूण सांगतात, पण आज त्या घरात कोण काय करते हे त्यावरून कळत नाही.

साधारणपणे मोठ्या गावात कोणकोणते समाज राहतात आणि गावठाणाची रचना कशी असते?

शिरोळ किंवा हातकणंगले तालुक्यातील मोठे गाव डोळ्यांसमोर आणले, तर मध्यभागी चावडी आणि ग्रामदैवताचे मंदिर, त्यालगत पाटलांचे वाडे, पुढे मराठा, जैन आणि लिंगायत शेतकऱ्यांच्या गल्ल्या असे चित्र दिसते. जैन समाज येथे व्यापारी म्हणून नव्हे, तर प्रामुख्याने शेतकरी म्हणून ओळखला जातो. चतुर्थ आणि पंचम या पोटशाखांची जैन कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या ऊस, भाजीपाला आणि तंबाखू पिकवत आली आहेत आणि त्यांच्या मंदिराला या भागात बस्ती म्हणतात. कुंभोजजवळील बाहुबली आणि नांदणीचा मठ ही या समाजाची मोठी केंद्रे होत. रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथेच एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. लिंगायत वस्ती शिरोळप्रमाणेच गडहिंग्लज भागात लक्षणीय आहे, आणि सीमेलगतच्या गावांत घरात कन्नड व शाळेत मराठी बोलणारी कुटुंबे सहज भेटतात.

धनगर समाजाची वस्ती पूर्वी गावाच्या कडेला, मेंढ्यांच्या सोयीने असे. पट्टणकोडोलीची विठ्ठल-बिरदेवाची यात्रा, जेथे भंडाऱ्याने सारा आसमंत पिवळा होतो, ही या समाजाच्या मोठ्या यात्रांपैकी एक मानली जाते. शाहूवाडी, भुदरगड आणि चंदगडकडे मात्र डोंगरमाथ्यावर स्वतंत्र धनगरवाडे आहेत आणि त्यांपैकी काहींना बारमाही रस्ता मिळावा म्हणून आजही झगडावे लागते. कुंभार, सुतार, लोहार, न्हावी, परीट, गुरव, कोळी अशी बलुतेदार घरे प्रत्येक मोठ्या गावात असतात, मात्र ती संख्येने थोडी असल्यामुळे ग्रामपंचायतीत त्यांचा आवाज राखीव जागेखेरीज क्वचितच पोहोचतो. मुस्लिम कुटुंबे बहुतेक मोठ्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि मोहरमच्या पंजांना नैवेद्य दाखवणारी हिंदू घरे ही या भागात नवलाची गोष्ट नाही.

गावकुसाबाहेर, बहुधा ओढ्याच्या किंवा उताराच्या बाजूला, बौद्ध, मातंग आणि चर्मकार समाजांच्या वस्त्या वसवल्या गेल्या. हे काही आपोआप घडले नाही; गावाने ती जागा ठरवून दिली होती. पुढे गाव वाढत गेले, गावकूस मोडले, वस्तीच्या पलीकडे प्लॉट पडले, तरीही नकाशावर ती जुनी रेषा ओळखू येते: गटार कोठे थांबते, पाण्याची टाकी कोणत्या बाजूला आहे आणि पुराचे पाणी आधी कोठे शिरते हे पाहिले की ती दिसते. वस्त्यांची व रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. जेथे पाटीवरचे नाव बदलले पण बोलण्यातले बदलले नाही, तेथे ते काम ग्रामसभेने आणि शाळेने अजून करायचे आहे.

अनुसूचित जाती आणि बौद्ध यांचे आकडे एकत्र करायचे की वेगळे?

त्यांची बेरीज करू नये, कारण ते अंशतः एकच लोक आहेत. जिल्ह्यात २०११ मध्ये अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे १३ टक्के होते आणि अनुसूचित जमातींचे एक टक्क्याहून कमी. बौद्ध ही धर्माची नोंद आहे, अनुसूचित जात ही जातीची. १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत स्थान नव्हते. ते १९९० च्या दुरुस्तीने मिळाले. म्हणून १९६१ ते १९८१ या काळातील अनुसूचित जातींचा आकडा काही गावांत एकदम घटलेला आणि १९९१ मध्ये वाढलेला दिसतो. लोक गाव सोडून गेले नव्हते आणि परतलेही नव्हते.

या समाजरचनेवर राजर्षी शाहू महाराजांच्या धोरणांचा परिणाम दिसतो का?

दिसतो, आणि तो केवळ पुतळ्यांत आणि जयंतीत नाही. २६ जुलै १९०२ रोजी महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा आदेश काढला. कोल्हापूर शहरात वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहिली, आणि खेड्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा शहरात शिकायला राहू शकला तो त्यामुळे. प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले. १९१८ मध्ये कुलकर्णी वतन, म्हणजे गावचे हिशेब ठेवण्याचा वंशपरंपरागत हक्क, रद्द होऊन पगारी तलाठी आले आणि महार वतनेही रद्द झाली. गावगाड्यातील वंशपरंपरेने बांधलेली सेवा कायद्याने मोडण्याचे ते पाऊल होते. मार्च १९२० मध्ये माणगाव येथे झालेल्या परिषदेत महाराजांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नेतृत्व जाहीरपणे पुढे केले. हे माणगाव आज हातकणंगले तालुक्यात असून तेही असेच एक शेतीप्रधान गाव आहे. त्या काळात वतनातून सुटलेल्या घरांना जमीन किती मिळाली, हा प्रश्न मात्र वेगळा आहे. आजही शेतमजुरांच्या यादीत कोणत्या वस्तीतील नावे अधिक आहेत हे पाहिले, तर त्याचे उत्तर मिळते.

वाड्या, मळे आणि पुनर्वसित वस्त्या गावात मोजल्या जातात का?

महसुली हद्दीत असल्यास मोजल्या जातात. पाणीपुरवठा संस्थांमुळे बागायत वाढली तसे अनेक शेतकरी गावठाणातील अडचणीचे घर सोडून मळ्यात राहायला गेले, त्यामुळे काही गावांत गावठाण ओस आणि शिवार दाट असे उलटे चित्र झाले आहे. पंचगंगेच्या काठी पुरामुळे गावेच हलली. प्रयाग चिखली आणि आंबेवाडी येथील ग्रामस्थांसाठी सोनतळी येथे पुनर्वसन झाले, तरी अनेक कुटुंबांचे घर दोन्हीकडे आहे: शेती, जनावरे आणि देव जुन्या गावात, पावसाळ्यात मुक्काम वरच्या गावात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर ही दुहेरी राहणी आणखी ठळक झाली. अशा गावाची लोकसंख्या उन्हाळ्यात आणि ऑगस्टमध्ये एकच नसते, आणि आपत्तीच्या वेळी बोटी किती लागतील हे ठरवताना जनगणनेचा आकडा पुरत नाही.

ऊसतोड मजूर आणि परप्रांतीय कामगार गावाच्या लोकसंख्येत धरले जातात का?

हंगाम सुरू झाला की बीड आणि मराठवाड्यातील इतर भागांतून टोळ्या येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि टोळीच्या मुकादमाकडून घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) फिटेपर्यंत पाचटाच्या किंवा ताडपत्रीच्या खोपीत मुक्काम. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारीला झाली, म्हणजे ऐन गळीत हंगामात. नियम असा होता की जो माणूस या संपूर्ण काळात आपल्या नेहमीच्या घरी नसेल, त्याला तो जेथे आढळेल तेथे मोजायचे. म्हणजे खोपीपर्यंत प्रगणक पोहोचला असेल, तर ते कुटुंब कोल्हापूरच्या गावात मोजले गेले. पोहोचला नसेल, तर कदाचित कोठेच नाही. एका मोठ्या गावाच्या शिवारात अशा अनेक खोपी असतात. तेथील बाळांचे लसीकरण, पोरांची शाळा आणि बायकांच्या बाळंतपणाची सोय गावच्या आकड्यात धरलेली नसते, आणि हे वर्षानुवर्षे चालू देणे योग्य नाही असे माझे स्पष्ट मत आहे.

इचलकरंजीच्या यंत्रमागांवर, कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतीत आणि बांधकामांवर येणारे उत्तर प्रदेश, बिहार व राजस्थानचे कामगार यांची गोष्ट निराळी आहे. ते खोल्या भाड्याने घेऊन वर्षभर राहतात, त्यांतील काहींची मुले मराठी शाळेत जातात, आणि ते सर्व अर्थांनी गावचे रहिवासी असतात.

बाहेरून आलेल्यांना सामावून घेणे या जिल्ह्याला नवे नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात १९४३ ते १९४८ दरम्यान वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती, आणि फाळणीनंतर त्याच परिसरात सिंधी कुटुंबे वसून गांधीनगरची बाजारपेठ उभी राहिली.

‘मुख्य’ आणि ‘सीमांत’ काम करणारे म्हणजे काय? स्त्रियांचा आकडा एवढा कमी का?

वर्षात सहा महिने किंवा अधिक काम करणारा मुख्य, त्याहून कमी काम करणारा सीमांत. कामाचे चार गट असतात: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि इतर. यांतील स्त्रियांचा आकडा वाचताना फार सावध राहावे लागते. पहाटे पाचला उठून दोन म्हशींचे शेण काढणारी, धार काढून किटली दूध संस्थेच्या रांगेत नेणारी, फॅटची चिठ्ठी पदराला बांधून परतताना वैरणीचा भारा आणणारी बाई, ‘तुम्ही काय काम करता?’ या प्रश्नाला ‘काही नाही, घरीच असते’ असे सांगते. बहुतेक वेळा तर तिच्या वतीने घरातील पुरुषच तसे सांगतो. जनगणनेच्या व्याख्येनुसार दुधाचे उत्पादन, अगदी घरच्या वापरापुरते असले तरी, काम आहे, आणि घरच्या शेतातील बिनपगारी श्रमसुद्धा काम आहे. नियम तिच्या बाजूने आहे. नोंद तिच्या बाजूने होत नाही. दूध संस्थेचे खाते नवऱ्याच्या नावावर असते, म्हणून तेथेही ती दिसत नाही.

स्त्री-पुरुष प्रमाण आणि साक्षरता किती आहे?

२०११ मध्ये जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ९५७ स्त्रिया होत्या. शून्य ते सहा वयोगटात मात्र हे प्रमाण ८६३ होते, आणि २००१ मध्ये ते ८३९ इतके खाली गेले होते. सुधारणा झाली हे खरे, पण ८६३ हा आकडा गर्भलिंगनिदानाचीच साक्ष देतो, आणि तो ऊसपट्ट्यातील सधन, शिकलेल्या गावांनाही लागू आहे. साक्षरता सुमारे ८१.५ टक्के होती. ती काढताना सात वर्षांखालील मुले वगळतात. गावाच्या एकूण लोकसंख्येने साक्षरांना भागून टक्केवारी काढल्यास ती चुकीची येते.

समाजरचनेत स्त्रियांचे स्थान संख्येपुरते नसते. शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने तो इतर ग्रामपंचायतींपुढे आदर्श म्हणून ठेवला. एका गावाच्या ग्रामसभेत काय होऊ शकते, याचा हा अलीकडचा सर्वांत चांगला दाखला आहे.

लोकसंख्येचा ग्रामपंचायतीशी काय संबंध?

सदस्यसंख्या लोकसंख्येवर ठरते: लहान गावात ७, आणि साडेसात हजारांवरील गावात १७. अनुसूचित जाती-जमातींच्या जागा त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात आणि निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव असतात. वित्त आयोगाच्या निधीतही लोकसंख्या हाच मुख्य आधार असतो आणि अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकास योजनेत वस्तीची लोकसंख्या पाहून रक्कम ठरते. प्रभाग पाडताना शेवटच्या प्रसिद्ध जनगणनेचे आकडे धरतात. २०२१ ची जनगणना न झाल्यामुळे आजही २०११ चाच आधार घेतला जातो, आणि औद्योगिक वसाहतीलगतच्या गावांना त्याची झळ अधिक बसते: पाणी वाढलेल्या वस्तीला द्यायचे आणि निधी जुन्या वस्तीचा मिळतो.

पुढील जनगणना केव्हा आहे आणि गावकऱ्यांनी काय काळजी घ्यावी?

पुढील जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. तीत जातनिहाय नोंद होणार असून कुटुंबाला स्वतः ऑनलाइन माहिती भरण्याचीही सोय ठेवली आहे. गणना पुन्हा ऐन ऊस हंगामातच येते, म्हणून ग्रामपंचायतीने कारखान्याच्या शेती कार्यालयाकडून आणि मुकादमांकडून शिवारातील टोळ्यांची ठिकाणे आधीच घेऊन प्रगणकाला द्यावीत. घरमालकांनी भाडेकरूंची माहिती लपवू नये. मातृभाषा घरात बोलली जाते तीच सांगावी, मग ती कन्नड असो, सिंधी असो वा हिंदी. चूल वेगळी असेल तर वेगळी सांगावी. आणि प्रगणक दारात येईल तेव्हा घरातील स्त्रीच्या कामाचे उत्तर तिला स्वतःला देऊ द्यावे. धार काढणे, भांगलण, पाला काढणे, जे ती करते ते सर्व तिने एकेक करून सांगावे.